लेबलवरचा चौतीस

६ जानेवारी २०२५, सोमवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. या क्षणी मला ऑनलाइन लेखनाचे पहिले काम मिळाले. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण लेखकांना काम मिळवून देणाऱ्या त्या संकेतस्थळावरून पाठवलेल्या प्रत्येक अर्जाची नोंद मी स्प्रेडशीटमध्ये करत होते. कोणाला, केव्हा, कोणत्या विषयासाठी, उत्तर आले का. लंडनचे आरोग्यविषयक ब्लॉग, बंगळुरूच्या शिकवणी कंपन्या, सिंगापूरमधील कोणी पोषणतज्ज्ञ, अशा सत्तावीस ओळींपुढे ‘नाही’ होते. अठ्ठाविसाव्या अर्जाला ज्यांनी उत्तर दिले, ते उल्हासनगरच्या ‘कॅम्प तीन’ भागात जीन्स विकत होते. बदलापूरच्या बेलवलीतील आमच्या घरापासून दोन स्टेशनांवर. जगाच्या बाजारात दुकान मांडले आणि पहिले गिऱ्हाईक शेजारच्या आळीतून आले.

काम साधे होते. आधीच ऑनलाइन विक्रीला असलेल्या ऐंशी जीन्सची नवी वर्णने, मराठीत आणि हिंदीत, दर वर्णनाला पंधरा रुपये.

मुदत मात्र साधी नव्हती. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. बाबांची तीस वर्षे अंबरनाथच्या रंग कारखान्यात गेली, आणि तेथील ओळखीतून त्यांनी माझ्यासाठी एका तपासणी प्रयोगशाळेत शब्द टाकला होता. पगार अठरा हजार. होकार किंवा नकार ३१ जानेवारीपर्यंत. मला लिहायचे होते. एखादी अवघड गोष्ट आपण चार वाक्यांत मांडावी आणि वाचणाऱ्याला ती कळावी, याचा आनंद मला कोणत्याही उपकरणाने दिला नव्हता. परंतु आनंद हे घरात मांडण्याजोगे कारण नसते. म्हणून मी अटच घातली: ३१ तारखेला एका महिन्याच्या पगाराइतके लेखनाचे काम हातात असेल, तर प्रयोगशाळेला नकार, नसेल, तर एक फेब्रुवारीपासून पांढरा कोट.

“मंजूर,” बाबा म्हणाले. ते इतक्या लगेच म्हणाले, की त्यांना निकालाची खात्री आहे हे कळलेच.

फोटो पाहून वर्णन लिहिणे मला पटेना. बुधवारी मी कॅम्प तीनमध्ये गेले. तळमजल्यावर दुकान, वर शिलाईचा गाळा. शेठ साठीचे, सिंधी, बोलके. ऑनलाइनचा कारभार त्यांची सून पाहत असे. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी होती आणि तिचे मराठी झकास होते. मी पर्समधून टेप काढली आणि प्रत्येक जीन्सची कंबर तीनदा मोजून सरासरी घेऊ लागले. एकदाच मोजणे मला शिकवलेलेच नाही.

गाळ्यातल्या मशीनवरून एक कारागीर ओरडला, “शेठ, मॅडम पँट का नाप ले रही है या बीपी चेक कर रही है?”

सगळा गाळा हसला. मीही हसले, आणि तिसऱ्यांदा मोजले.

संध्याकाळी घरी हे सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, “एम.एस्सी. करून पँटी मोजायला जातेस?”

“मोजू दे की,” आई भाजी निवडत म्हणाली. “तुम्ही आयुष्यभर रंगाचे डबे मोजलेत, तेव्हा मी काही बोलले का?”

मोजमापांत मला एक दोष सापडला होता. लेबलवर चौतीस असलेल्या जीन्सची कंबर छत्तीस इंच भरत होती. बत्तीसची चौतीस, अडतीसची चाळीस. ऐंशीपैकी एकही अपवाद नाही. मी तो उत्पादनातील दोष समजले आणि तो शोधल्याबद्दल स्वतःवर प्रसन्न झाले. प्रत्येक वर्णनाच्या पहिल्याच ओळीत प्रामाणिकपणे लिहिले: ‘लेबलवर ३४, प्रत्यक्ष कंबर ३६ इंच.’ सुनेने मला विक्रीच्या पानांची परवानगी दिली होती. रविवारी सर्व वर्णने प्रसिद्ध केली.

मंगळवारी सकाळी शेठचा फोन आला.

“बेटा, दो दिन में एक ऑर्डर नहीं! एक भी नहीं! तुमने मेरा शटर गिरा दिया!”

“शेठजी, मी फक्त खरे माप लिहिले.”

“किसने माँगा खरा माप? पूरे कॅम्प में पूछो, नंबर मतलब इंच होता है क्या? छत्तीसवाला आदमी दुकान में आता है, उसको चौतीस पहनाते हैं, वो खुश होके घर जाता है. तुमने उसको मुँह पे बोल दिया, भाई तू मोटा है!”

मी ज्याला दोष समजले तो रिवाज होता. साऱ्या बाजाराला ठाऊक असलेला, जाणूनबुजून पाळलेला, दोन इंचांचा सौजन्याचा रिवाज. दोष असता तर तो थोडा तरी विस्कळीत असता. ऐंशी वेळा बरोबर दोन इंच चूक होत नाही. हे विज्ञानाच्या विद्यार्थिनीला मोजतानाच कळायला हवे होते.

“जुनी वर्णने परत लाव आणि हिशेब मिटव,” असे त्यांचे म्हणणे. म्हणजे बाराशे रुपये आणि पांढरा कोट. मी तडक कॅम्प तीन गाठले.

शेठ काउंटरवर तोंड फिरवून बसले होते. सुनेने मला मागच्या खोलीत नेले. तिथे छतापर्यंत गोण्या होत्या.

“हे काय?” मी विचारले.

“रिटर्न,” ती म्हणाली. “सैल होते म्हणून परत आलेला माल. दुकानात माणूस घालून बघतो गं. ऑनलाइनवाला कुठे घालून बघणार? तो खरंच चौतीसचा असतो, चौतीस मागवतो, पँट खाली घसरते. पप्पांना हे दिसत नाही, कारण या खोलीत ते येतच नाहीत.”

“मग माझे माप बरोबरच होते.”

“माप बरोबर होतं. बोलणं चुकलं. अगं, खरं लिही, पण वाचणाऱ्याला बरं वाटेल असं लिही.”

मी तिथेच एका गोणीवर बसून मोबाइलवर लिहू लागले. पहिले सहा मसुदे अहवालासारखे झाले. सुनेने वाचून प्रत्येक वेळी नकारार्थी मान हलवली. सातवा असा होता: ‘या जीन्समध्ये तुमचा नंबर दोनाने खाली येतो. ३६ घालत असाल, तर ३४ मागवा. कमरेला आरामात बसेल.’

ती मोठ्याने हसली. “हा! आता मलाच घ्यावीशी वाटली!”

ते वाक्य घेऊन मी शेठसमोर उभी राहिले आणि पंधरा दिवस मागितले. सम क्रमांकाच्या चाळीस जीन्सना जुने वर्णन, विषम क्रमांकाच्या चाळीसना नवे.

“और हार गई तो?”

“तर आधीची ऐंशी वर्णने फुकट.”

शेठचा चेहरा प्रथमच उजळला. प्रयोगात त्यांना रस नसेल, पण पैज त्यांना सोडवत नसावी. “साईं, लडकी धंदेवाली है,” ते सुनेला म्हणाले. “लगाओ.”

बुधवार, १५ जानेवारीला प्रयोग सुरू झाला. परतीची मुदत सात दिवसांची होती. म्हणून फक्त पहिल्या आठ दिवसांतील ऑर्डरी धरायच्या, असे मी ठरवले. शेठ रोज विचारत, “कोण जिंकतंय?” आणि मी रोज सांगे, “अजून सांगता येत नाही.” तिसऱ्या दिवशी ते चिडून म्हणाले, “क्रिकेट में भी स्कोर दिखाते हैं, बेटा!” खरे तर मलाही राहवत नव्हते. घरी बाबा प्रयोगशाळेच्या बसची वेळ विचारून आले होते. मी कोटाचे माप दिले. तेही तीनदा घेऊन.

३० जानेवारीला दुपारी आम्ही तिघांनी काउंटरवर आकडे जुळवले. जुनी वर्णने: सेहेचाळीस विकल्या, तेरा परत. नवी वर्णने: एकोणपन्नास विकल्या, तीन परत.

शेठ उठले, मागच्या खोलीचे दार उघडले, गोण्यांकडे बराच वेळ पाहिले आणि परत येऊन म्हणाले, “पूरा माल. दो सौ चालीस पीस. कितना लोगी?”

“चाळीस रुपये एकाला.”

“चाळीस! पंधरा का चाळीस?”

“पंधरा लिहिण्याचे होते. आता मोजणेही आहे.”

“तीस.”

“पप्पा,” सून मध्येच म्हणाली, “गोण्या मी दुकानात आणून ठेवू का?”

“पस्तीस,” शेठ घाईने म्हणाले. मी मान्य केले. दोनशे चाळीस गुणिले पस्तीस: आठ हजार चारशे. अठरा हजारांच्या निम्मेसुद्धा नाही, आणि उद्या एकतीस. माझा चेहरा पडलेला शेठना दिसला असावा.

“क्या हुआ? कम पडता है?”

मी खरे ते सांगितले: प्रयोगशाळा, अट, उद्याचा दिवस. शेठनी सगळे ऐकले, मग चप्पल चढवली. “चलो.”

पुढचा तास त्यांनी मला ओळीतल्या दोन दुकानांत फिरवले. प्रत्येक ठिकाणी संवाद एकच. “रिटर्न कितना आता है तेरा?” समोरचा हात उडवून दाखवी. “ये लडकी को माल दिखा. पस्तीस रुपया. चाळीस माँगेगी, देना मत.” एका दुकानाने एकशे नव्वद पीस दिले, दुसऱ्याने एकशे ब्याऐंशी. परतताना शेठ सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “रिटर्नवाली बात मैंने पहले ही बोली थी.” आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि तोंडाला ओढणी लावली.

एकतीस तारखेला सकाळी मी बाबांसमोर लॅपटॉप ठेवला. त्यांनी चष्मा लावून तिन्ही दुकानांच्या ओळी वाचल्या, बेरीज कागदावर पुन्हा करून पाहिली, आणि मग तिसऱ्यांदा केली.

“एकवीस हजार चारशे वीस. बरोबर आहे,” ते म्हणाले. मग चष्मा काढून विचारले, “फोन मी करू, की तू करतेस?”

“मीच करते, बाबा.”

“नीट बोल. माझी माणसं आहेत ती. बरं वाटेल असं बोल.”

मी बोलले. फोन ठेवला, टेप पर्समध्ये टाकली आणि कॅम्प तीनला निघण्यापूर्वी स्प्रेडशीटमध्ये शेवटची नोंद केली. हातातील काम, वर्णने: ६१२.