दुसरा प्रोसेसर बसवताना

अकोल्याच्या एका स्कॅन सेंटरचा सर्व्हर बदलायचं काम मला मिळालं आणि अमरावतीच्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात बाबांचं नि माझं आठवडाभर वाजलं. त्यांच्या मते एकच दणकट प्रोसेसर पुरे होता. मला दोन प्रोसेसरचाच मदरबोर्ड हवा होता. त्याला रॅम जास्त लावता येते, आणि तिथे एकाच वेळी चार डॉक्टर स्कॅन उघडतात. "एका बैलाच्या कामाले जोडी कायले?" बाबा म्हणाले. मी ऐकलं नाही. मग निघायच्या दिवशी, "मी येतो संगं." रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत हयात गेलेला माणूस, पण अलीकडे त्यांनी चहा घेतला की बशी वाजायची. मला ते सोबत नको होते. तसं तोंडावर म्हणायची हिंमत झाली नाही. एसटीत बोर्डाचा खोका मात्र मी माझ्याच मांडीवर ठेवला.

मे महिना होता. सर्व्हरच्या खोलीत कूलर लावावा तर पाण्याचे तुषार उघड्या बोर्डावर, बंद ठेवावा तर घामाचे थेंब. मी कूलर बंद केला आणि दुपट्टा कपाळाला घट्ट बांधला.

प्रोसेसर ज्या सॉकेटमध्ये बसतो, तिथे केसासारख्या बारीक पिना हजारोंनी असतात. त्यावर तो अलगद टेकवायचा, सरकवायचा नाही. पिना वाकल्या की दुकानदार बोर्ड परत घेत नाही. जुना सर्व्हर तर शेवटच्या घटका मोजत होता. आणि हे काम नीट झालं तर सेंटरच्या सगळ्या मशीनची वर्षभराची देखभाल मला मिळणार होती, तसं सेंटर चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी सांगून ठेवलं होतं.

पहिला प्रोसेसर मी श्वास रोखून बसवला. दुसऱ्याकडे बाबांनी हात पुढे केला. "हा मी बसवतो."

बोटं थरथरत होती.

"राहू द्या बाबा. तुमच्या हातानं नाही होत आता."

दारातला वॉर्डबॉय वळून पाहायला लागला. बाबांनी हात मागे घेतला आणि खिशात घातला. मला संताप आला, त्यांचा की माझाच, हे आजही सांगता येत नाही. त्याच तिरमिरीत मी प्रोसेसर उचलला. घामेजलं बोट निसटलं आणि त्याचा कोपरा थेट पिनांवर पडला. मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तीन पिना आडव्या झाल्या होत्या.

बाबांनी नुसतं वाकून बघितलं. "इंजेक्शनची सुई पाह्यजे. पोकळ असते, पिनीवर चढते," म्हणाले आणि बाहेर गेले. आले ते सुई घेऊन, आणि मागोमाग मॅडम.

"सुई कशाला? काय झालं?"

मी मोबाइलचा उजेड बाजूला केला.

"माहा हात हालला, मॅडम," बाबा म्हणाले. "पिना वाकल्या. पोरगी करते नीट."

त्यांनी खिशातून हात काढून पुढे धरला होता. तो थरथरताना पाहून कुणाला शंका येणार? मी तोंड उघडायला हवं होतं. पण वर्षभराचं काम डोळ्यांसमोर होतं. मी खाली मान घालून सुई हातात घेतली आणि एकेक पीन उभी करायला लागले. बाबा कॅबिनेटला कोपर टेकवून, दोन्ही हातांनी मोबाइल धरून मला उजेड दाखवत होते. एक पीन दोनदा निसटली. तिसऱ्यांदा उभी राहिली.

दुसरा प्रोसेसर अलगद टेकवला आणि बटण दाबलं. पंखे घोंघावले, पण स्क्रीन कितीतरी वेळ काळाच. सर्व्हर चालू व्हायला वेळ घेतात हे मला माहीत होतं, तरी मी दोनदा केबल चाचपली. शेवटी अक्षरं उमटली. प्रोसेसर दोन.

मॅडम खूश झाल्या. वर्षभराचं काम तुम्हालाच, म्हणाल्या. मग आवाज जरा खाली आणून, पण बाबांना ऐकू जाईल एवढा, "फक्त पुढच्या वेळेस तुम्ही एकट्याच या."

"बराबर हाय, मॅडम," बाबा म्हणाले आणि जमिनीवरचे स्क्रू गोळा करायला लागले.

मीही हो म्हणाले.