मालनच्या नावाचं पान

क्षिप्रेचा पूल ओलांडला तोवर ऊन चढलं होतं आणि शिखा पुन्हा माझ्या पुढे निघून गेली होती. थोडं पुढे जायची, थांबायची, मागे येऊन माझ्या तळपायांकडे बघायची, पाण्याची बाटली हातात द्यायची आणि मी झाकण लावेपर्यंत परत चालू लागायची. मी मांगलियापासून अनवाणी निघाले होते. ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन नीट पार पडलं तर नवरात्रात पायी देवासच्या टेकडीवर येईन, असं मातेला बोलले होते. घरात कुणाला वेळ नव्हता, म्हणून शेजारची शिखा सोबत आली. ती नर्स आहे. पायात बूट, पाठीवर पट्ट्या-मलमाची पिशवी. नवस तुमचा, मी तुमच्या गुडघ्यासाठी येतेय, हे तिनं निघतानाच सांगून टाकलं होतं.

देवासच्या त्या रस्त्यावर नवरात्रात जागोजागी मांडव असतात. साबुदाण्याची खिचडी, केळी, चहा, सगळं फुकट आणि सगळं आग्रहानं. एका मांडवातल्या माणसानं तिच्यापुढे चहा धरला. ती नको म्हणाली.

"व्रतात चालतो दीदी."

"माझं व्रत नाही."

"मग तर चालतोच."

"जाऊ दे ना भिया, दीदी डाएटवर असेल," असं शेजारचा म्हणाला आणि सगळे हसले. एरवी शिखाही हसली असती. त्या दिवशी ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली, आणि माझा चहा संपायच्या आत म्हणाली, चला.

शिखा चहा-कॉफी घेत नाही हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. का घेत नाही, हे थोड्यांनाच. हैदराबादला नोकरी करत असताना ती एका चर्चमध्ये जाऊ लागली आणि तिथलीच झाली. लोक त्यांना मॉर्मन म्हणतात. तिला ते नाव आवडत नाही. ती पूर्ण नाव सांगते, त्यात येशू ख्रिस्त येतो, संत येतात, शेवटचे दिवस येतात, आणि ते सगळं एका दमात म्हणणं मला काही जमत नाही.

तिची आई मालन माझी शाळेपासूनची मैत्रीण. आम्ही दोघी मराठी शाळेत शिकलो, शिखा हिंदी शाळेत. त्यामुळे पहाटे ड्यूटीला जायच्या आधी ती फोनवर आपलं धर्मपुस्तक वाचते ते हिंदीत. प्रार्थना मात्र मराठीत करते. मी विचारलं तर म्हणाली, घरच्यांशी बोलायची भाषा तीच ना. प्रार्थनेला हात जोडत नाही, हाताची घडी घालते आणि मान खाली घालते. आमच्या बाई वर्गात 'हाताची घडी' म्हणायच्या, त्याची मला आठवण होते.

मालन आजारी पडली तेव्हा ती हैदराबाद सोडून आली. चर्चचं तिनं आधी आईलाच सांगितलं. मालननं एवढंच विचारलं, त्यामुळे रविवारी सुट्टी मिळते का? मिळत असेल तर चांगलं आहे. मग महिन्याच्या पहिल्या रविवारचा शिखाचा उपास पाहून ती थक्क झाली होती. पाणीसुद्धा नाही. "शेंगदाणेही चालत नाहीत, हा कसला गं उपास?" असं म्हणून खिचडीची ताटली तिच्या दारात ठेवून जायची. शिखा आईसाठी रोज चहा करायची, पण चाखायची नाही. मालन म्हणायची, एक दिवस पांचट, एक दिवस पाक. तरी दुसऱ्या कुणाच्या हातचा तिला नको असायचा.

मालन गेली त्याला दोन वर्षं झाली. वडिलांना एकटं सोडवेना म्हणून शिखा इथंच राहिली, आणि इथं तिच्या ओळखीचं त्या चर्चचं कुणीही नाही. रविवारी त्यांच्यात पावाचा तुकडा आणि घोटभर पाणी देतात. त्यावर प्रार्थना म्हणायचा अधिकार ठरावीक पुरुषांना असतो. फोनवर हैदराबादची सभा चालू असते, तिकडे सगळ्यांच्या हातात पाव असतो आणि ही आपल्या खोलीत रिकामी बसलेली. एकदा मला म्हणाली होती, त्या वेळी हातांचं काय करावं तेच कळत नाही.

पुढे एका कडुलिंबाखाली तिनं मला बसवलं. टाचेला फोड आला होता. पट्टी लावता लावता तिनं तो विषय काढला, आणि कधी ना कधी काढणार हे मला माहीत होतं. कारण ते सगळं घडलं तेव्हा मी तिथंच होते.

पितृपक्षातली अविधवा नवमी नुकतीच झाली होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी त्या दिवशी एक सवाष्ण जेवायला बोलावतात, तिच्या नावानं पान वाढतात, ओटी भरतात. मालनच्या नावानं मी जेवते. वडे, खीर, पुरण सगळं शिखानं केलं होतं, न चाखता नव्हे, यंदा नीट चाखून. बळवंतराव, म्हणजे तिचे वडील, समोर बसून मला अजून वाढायला सांगत होते. मालनला आवडायचे म्हणून मी दोन वडे जास्त खाल्ले. मालननं नक्की खाल्ले असते. जेवण झालं, मी विडा तोंडात घातला, आणि शिखा वडिलांना म्हणाली, "बाबा, आईसाठी मला एक विधी करायचा आहे. लांब जावं लागेल. तुमची परवानगी लागते."

बळवंतरावांचे डोळे भरून आले. "गयेला जातेस?" ते म्हणाले. "जा बेटा. मुलीनं केलेलं चालतं. सीतामाईनं नाही का तिथं दशरथाला पिंड दिला?"

शिखानं तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या तोंडात विडा होता.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. दुसऱ्या दिवशी धारहून मालनच्या भावाचा, विश्वासरावांचा फोन आला की भाची एवढं करतेय तर मीही येतो. आणि आता मामा उद्या शिखाच्या घरी येणार होते, गयेची तिकिटं काढायला.

शिखाला गयेला जायचं नव्हतं. बंगळूरला तिच्या चर्चचं मंदिर बांधलं जातंय. ते उघडलं की तिथं जाऊन आईच्या नावानं तिला पाण्यात उतरायचं होतं. आईचं नाव घेऊन हिला पूर्ण पाण्याखाली नेतात आणि वर काढतात, तो त्यांचा बाप्तिस्मा. गेलेल्या माणसासाठी जिवंत माणूस तो घेतो. त्याला जवळच्या माणसाची परवानगी लागते, आणि नवरा आहे तोवर ती नवऱ्याची.

"म्हणजे तिकडेही नवऱ्यालाच विचारायचं," मी म्हटलं.

ती पहिल्यांदा जराशी हसली. मग म्हणाली, बाबांनी हो म्हटलंय, पण ते माझ्या विचारण्याला नाही, गयेला. मंदिरात जाऊ देण्याआधी तिला विचारतात की तू वागण्यात खरी आहेस का. त्याला हो म्हणून ती त्या परवानगीवर पाण्यात कशी उतरणार? आणि खरं सांगितलं तर बाबा नाही म्हणतील. मग आईचं राहूनच जाईल. रात्रपाळीत सलाईन लावतानासुद्धा हेच डोक्यात असतं, असं म्हणत तिनं पट्टी उकलली आणि पुन्हा बांधली. पहिलीच ठीक होती.

मला ते पटलं असं नाही. मालन माझ्या समजुतीप्रमाणे मातेच्या पायाशी आहे. ती जिथं आहे तिथून तिला कुणी हलवू नये, असं मला वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं.

"हलवत नाही मावशी. तिला विचारतात. तिकडे ती नको म्हणू शकते. मी फक्त दार उघडून देते."

"मालन कधी कुणाला नको म्हणाली होती का?"

"तेच तर," शिखा म्हणाली आणि उठली.

त्यानंतर आम्ही थेट देवासपर्यंत चालत राहिलो. ती पुढे जायची, मागे यायची. मी नामस्मरण करत होते, पण मध्येच धागा तुटायचा आणि केळीच्या पानावरचे ते दोन वडे दिसायचे. दुसऱ्या बाईच्या नावानं मी जेवते आणि ते तिला पोचतं, यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. दुसऱ्या बाईच्या नावानं ही पाण्यात उतरते म्हटल्यावर मात्र माझं मन मागे सरत होतं. का, ते मला नीट सांगता येत नव्हतं.

टेकडीच्या पायथ्याशी ढोल वाजत होते. नारळ-चुनरीची दुकानं, पायऱ्यांवर माणसांची रांग. शिखानं वाकून माझ्या टाचेची पट्टी पाहिली. वर दारापर्यंत कोपराला धरून नेईन, आत तुम्ही जा, असं ती म्हणाली. पण पायरीवर पाय ठेवला नाही. हाताची घडी घातली, सोडली, परत घातली.

"मावशी, उद्या मामा यायच्या आधी मी बाबांना खरं सांगणार आहे. गया नाही म्हणून. तुम्ही याल?"

मी म्हटलं, येईन, पण माझ्याकडून हो वदवून घेऊ नकोस.

"हो म्हणा असं नाही म्हणत मी. बाबा तुमच्याकडेच बघतील, मालन काय म्हणाली असती म्हणून विचारतील. नवमीला तुम्ही तिच्या पानावर बसलात ना, मग उद्याही तिच्या जागी बसा. आणि ती खरंच जे म्हणाली असती ते सांगा. नाही असेल तर नाही सांगा."