घरचा रिप्ले

बास्केटबॉलची गोष्ट म्हटल्यावर तुम्हाले वाटलं असन, आता हा पोट्टा शेवटच्या सेकंदाले अर्ध्या कोर्टावरून बॉल फेकन, तो रिंगवर दोन चकरा मारन अन् मग आत पडन. आरामात बसा. माझी उंची पाच फूट तीन इंच. मी फेकलेला बॉल रिंगले खालूनच नमस्कार करून वापस येते. अन् या गोष्टीत आपली टीम हारते.

टीम म्हणजे रायपूरची, लीगमध्ये खेळणारी, पगारी खेळाडूंची. त्यातला सगळ्यात उंच खेळाडू चौबे कॉलोनीत आमच्याच घरी, वरच्या खोलीत किरायानं राहते. गाव दुर्गकडचं. मी त्याले भैया म्हणतो, तो आईले चाची म्हणते. आमच्या दरवाज्यातून येताना त्याले वाकावंच लागते, त्यामुळं बाबाले वाटते पोट्टा फार संस्कारी आहे.

शनिवारी संध्याकाळी टीम दोन पॉइंटनं हारली. शेवटच्या मिनिटाले रिंगले लागून वापस आलेला बॉल पकडायले भैया उडाला. पकडलाही. अन् खाली येऊन धपकन बसला. बॉल सुटला, समोरच्यानं उचलून टाकला. रेफरीनं शिटी वाजवली नाही. खेळ खतम.

रविवारी सकाळी आमच्या घरी तांदळाच्या पिठाचे चीले अन् पंचायत एकाच वेळी सुरू झाली.

"सरळ सरळ धक्का होता," बाबा म्हणे. "रेफरी झोपला होता का?"

समोरच्या घरचे काका रेल्वेतून रिटायर झालेले. त्याइले प्रत्येक गोष्टीत वरच्या साहेबाची चूक दिसते. "रेफरीले काहून बोलता? कोचनं टाइमआउट घ्यायचा होता. पोट्टा थकला होता, दिसत नव्हतं त्याले?"

"थकन नाही तं काय करन?" मी म्हटलं. "उंच माणूस टीममध्ये एकच. बेंचवरचे बाकी सगळे माझे चुलतभाऊ वाटते."

भैया आमच्यातच बसून चीला खाऊन राहिला होता. हसला, पण थोडासाच. बुधवारी पुढचा मॅच होता, अन् पुढच्या सीझनले कोणाले ठेवायचं ते याच मॅचेसवर ठरणार होतं.

"रिप्ले दाखव बे," बाबा म्हणे.

आमच्या घरी रिप्ले म्हणजे मी. मॅच होते त्या हॉलमध्ये स्क्रीन नाही, म्हणून घरी मॅचनंतर सोफा सरकवून सगळे पार्ट मीच करतो. आधी रेफरी केला: पोट पुढं, शिटी तोंडात, अन् चेहरा असा, जसं कोणी लंच टाइमले बाबूच्या टेबलावर फाइल आणून ठेवली. बाबा सरकारी ऑफिसातले, त्याइले हे आवडलं नाही. मग कोच सर केले, पतल्या आवाजात: "डिफेंऽऽस! अरे डिफेंऽऽस!" काकाचा चहा सांडला.

मग भैया. काका माझ्या मांगं धक्का द्यायले उभे राहिले. मी उडलो, बॉल पकडला, उजव्या पायावर उतरलो, डावा पाय पाण्यातल्या कोंबडीसारखा वर, अन् धपकन खाली. काकाचा हात हवेतच राहिला.

"तू लवकर पडला," बाबा म्हणे. "पुन्हा कर."

पुन्हा केलं. पुन्हा काकाच्या आधी पडलो. तिसऱ्यांदाही तसंच.

"मी काय करू? जसं पायलं तसं करतो. माझं आंग मले विचारून पडत नाही!"

आई किचनच्या दारात उलथनं घेऊन उभी होती. तिले बास्केटबॉलमधलं एवढंच समजते की घाम येते अन् कपडे धुवा लागते. ती म्हणे, "हा डावा पाय काहून उचलून ठेवते बे तू?"

"भैया असाच उतरते ना."

"कधीपासून?"

"झाले असन तीन आठवडे." मी हसवायलेच सांगतलं होतं. कोणीच हसलं नाही.

आईनं भैयाकडं पायलं. "तू जिन्यावरूनही एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवून उतरते. मले किचनमध्ये ऐकू येते. मले वाटायचं हातात सामान असन. माझा गुडघा गेला तवा मी अशीच उतरायची."

"थोड़ा सा है चाची," भैया म्हणे. "बुधवार हो जाने दो."

"कोचले माहीत आहे?" काकानं विचारलं.

"बताता तो बैठा देते. बीच सीझन में बैठे को अगले साल कौन बुलाता है?" मग माझ्याकडं पाहून म्हणे, "तेरे को मैं ही मिला था?"

मी सोफा ओढून वापस जागेवर ठेवला.

बाबा हळूच म्हणे, "म्हणजे धक्का नव्हता." त्या रेफरीची एवढीच माफी मागतली गेली, अन् त्याले ती कधी समजणारही नाही.

आई म्हणे, "कोचले फोन तू लावते का मी लावू?" भैयानं लावला. दुपारी समता कॉलोनीतल्या डॉक्टरनं सांगतलं, गुडघ्याची नस अर्धी फाटली आहे, बुधवारी उडला असता तं पुरी गेली असती.

बुधवारी टीम वाईट हारली. काकानं पहिल्यांदा कोचले शिवी दिली नाही. भैया दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी वरून आवाज आला, "ए रिप्ले, चाय ला." इलाज पुरा झाला, आता तो एका पायरीवर एकच पाय ठेवून उतरते. आई किचनमध्ये गॅस बारीक करून ऐकते. त्याची जागा पुढच्या सीझनले आहे, कोच सरनं तसा शब्द दिला. मी कोणाकोणाले धन्यवाद देऊ? आईच्या कानाले, शिटी न वाजवणाऱ्या रेफरीले, अन् उशिरा धक्का देणाऱ्या काकाले.

पण एक हिशोब बाकी होता. बुधवारच्या मॅचनंतरच्या सोमवारी कोच सर भैयाले पाहायले घरी आले होते. चहा यायच्या आधी काकानं त्याइले सगळं सांगून टाकलं, कोंबडीसकट. ग्राउंडवर सर हिंदी बोलते, पण माणूस नागपूरचा. रागात आले की मराठी निघते.

"तीन आठवडे पायलं तू? मी रोज त्याच्यासमोर उभा, मले नाही दिसलं. तुले दिसलं, अन् तू दात काढत बसला? डोळे कायले दिले बे तुले? उद्या सकाळी सहाले ग्राउंडवर यायचं. बाकीचे कसे उतरते, एकेकाचं करून दाखवायचं मले. अन् आयक, माझा आवाज एवढा पतला नाहीऽऽ!"

मी जीभ दाताखाली धरली.

"हसून काय राहिला बे?"