शर्टातली माया

स्वतःच्या सुटलेल्या पोटाचा दोष दुसऱ्यावर ढकलावा तर आमच्या धाकट्या भावजींनीच. लोक तेलाला नावं ठेवतात, बायकोच्या हाताला ठेवतात. भावजींचा आरोपी थेट पेशीत बसलेला. ते हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचे. गेलं शतक संपत आलं तेव्हा त्यांनी कुठंतरी वाचलं, की चरबीच्या पेशी आपोआप होत नाहीत, एक जनुक त्या घडवून घेतं. त्याचं इंग्रजी नाव माझ्या जिभेला झेपेना, म्हणून ऊसतोडीच्या टोळीवरून त्यांनी त्याला 'मुकादम' करून टाकलं. "प्रत्येक पेशीत अख्खी पोथी असती बघा वैनी. कुठलं पान वाचायचं ते मुकादम सांगतो. कोवळ्या पेशीपुढं त्यानं चरबीचं पान उघडलं, की ती चरबीची झाली. मग उपाशी ठेवा, रिकामी हुईल, पण माघारी न्हाय जायची." हे सगळं मिसळीची दुसरी प्लेट चालू असताना. मी प्लेटकडं बघितलं की म्हणायचे, "मी कुठं खातोय? त्यो भरती करतोय."

त्यांचे शर्ट मी शिवायची. शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. भावजींची ताकीद असायची, "माया ठेवू नका. जागा दिसली की मुकादम माणसं वाढवतो." मी बरं म्हणायची आणि दोन्ही बाजूंना बोटबोट माया ठेवायची.

मग त्यांना साखर निघाली. पायाच्या अंगठ्याची जखम काही भरेना, डॉक्टर अंगठा काढायची भाषा करू लागले. त्यातच एक नवी गोळी लिहून दिली. भावजींनी गोळीचा कागद वाचला, दोन पुस्तकं चाळली आणि आमच्या सोप्यात येऊन डोकं धरून बसले.

"वैनी, ही गोळी मुकादमालाच जागं करती."

"म्हणजे?"

"नव्या पेशी भरती व्हणार. लिव्हरात घुसलेली चरबी तिकडं राहायला जाणार, म्हणून साखर उतरणार. आन् मी फुगणार."

"अंगठा पायजे का कंबर?"

भावजींनी खिशातली गोळी काढली. मग पाणी मागितलं.

अंगठा राहिला. शर्टाची बटणं मात्र एकेक करून उडाली. एके दिवशी पिशवीभर शर्ट घेऊन आले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "वैनी, आत काय माया हाय का?"

शिवणी उसवल्या. वरचं कापड उन्हानं विटलेलं, आतलं अगदी नव्यासारखं निळं. भावजी त्यावरनं नुसतं बोट फिरवत राहिले.

आता भावजी नाहीत. त्यांचा एक शर्ट माझ्याकडं राहिलाय. त्यात अजून अर्धं बोट माया शिल्लक आहे.