हँडलापाशी थरथरणारे नाना

देवपुरात नानांइतका भित्रा माणूस नव्हता आणि त्यांच्या अंगणाइतकी जीवघेणी जागाही दुसरी नव्हती. तिथे पाच जुनेपुराणे ट्रॅक्टर उभे असत. नाना निवृत्त शास्त्रज्ञ, उभा जन्म प्रयोगशाळेत माती तपासण्यात गेलेला. पेन्शनीत माणसं काशीला जातात. हे जळगावच्या भंगारवाल्यांकडे जात आणि एखादं गंजलेलं धूड ट्रकवर घालून आणत. मग वर्षभर घासूनपुसून, सुटे भाग स्वतः घडवून त्याला जिवंत करत.

ते जिवंत झालं की नाना अर्धमेले होत. इंजिन सुरू करायचं हँडल मारण्याआधी दहा मिनिटं नुसते समोर उभे. हात असे थरथरत, की पाना लावावा आणि नट आपोआप सुटावा. मी शेजारचा मास्तर, हसायला कायम हजर. एकदा म्हणालो, "सरका नाना, मी मारतो."

"अंगठा कुठंय तुमचा?"

हँडलाभोवती होता.

"उलटा झटका बसला तर अंगठा दोंडाईच्याच्या स्टेशनात उतरेल, तुम्ही राहाल इथं. भ्या मास्तर, जरा तरी भ्या. न भिणारा माणूस मी यंत्राजवळ उभा करत नाही."

त्या पोळ्याला लोकांनी बैल सजवले, नानांनी जर्मन ट्रॅक्टरवर झूल घातली. गल्ली जमली. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं आणि मग थांबेचना. नानांनी डिझेल तोडलं, तरी आवाज चढतच गेला. झिजलेलं इंजिन स्वतःचंच वंगण पिऊन पिसाळलं होतं. काळा धूर, जागच्या जागी उड्या. आता हे फुटणार आणि लोखंडाच्या चिंधड्या थेट जळगावात, मेहरूणच्या तलावात पडणार. गल्ली पळाली. सगळ्यांत पुढे कोण होतं ते सांगत नाही; मी मागे वळून पाहिलं तेव्हा बाकीचे अजून फाटकातच होते.

ओट्यावरून अक्का, नानांच्या मंडळी, ओरडल्या, "आहो, बठ्ठा पळी ग्यात, तुम्ही काय करी राहिनात?"

नानांनी ओट्यावरचा पाट उचलला, ट्रॅक्टरवर चढले आणि हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर पाट दाबून त्यावर पालथे पडले. इंजिन गुदमरलं, दोन आचके दिले, थांबलं.

मी परतलो तेव्हा नाना मातीत बसून स्वतःचे हात बघत होते. हात दगडासारखे स्थिर.

"वा नाना, भीती मोडली तुमची," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा पांढराफटक होता. "वर चढताना काहीच वाटलं नाही हो. मरेन असंही नाही, हिचं काय होईल असंही नाही."

त्यानंतर त्यांनी एकही ट्रॅक्टर सुरू केला नाही. रोज सकाळी जाऊन हँडलावर हात ठेवत, तो थरथरायची वाट बघत, परत येत.

"कापना का हात?" अक्का आतून विचारत.

"नही."

मला वाटलं, अक्का रोजच्या काळजीतून सुटल्या. पण एकदा कुंपणापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "मास्तर, आते माले भेव लागस."

नाना गेले त्या सकाळीही ते हँडलाला हात लावून आले होते. हात थरथरला का, हे अक्कांनी त्या दिवशी विचारलं नव्हतं; त्यामुळे ते कुणालाच कळलं नाही.