शेवटच्या पानावरचं तिसरं पिल्लू

माझ्या पुस्तकाचं शेवटचं पान खोटं होतं.

माझ्याशिवाय हे एकाच माणसाला माहीत होतं. माझे वडील, आबा. त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

आई गेल्यावर आबा कोऱ्हाळ्यात एकटे आणि मी नोकरीपायी इंदापुरात एकटी. लोणी देवकरच्या एका कंपनीत पॅकिंगच्या खोक्यांवरची चित्रं करते मी. रोज सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत उभी असताना आबांचा फोन यायचा.

तब्येत, जेवण, असलं काही विचारणं नाही. थेट बातमी.

"आज मुंगसाची जोडी आलती. हौदावर पाणी प्याली आन् गेली."

"भारद्वाज आलता. रुबाब तर आसा, जणू सातबारा त्येच्याच नावावर हाय."

आमचं परस म्हणजे एक हौद, एक शेवगा, थोडं अळू आणि पलीकडे लगेच ऊस. पण आबांचं ऐकून वाटायचं, तिथं केवढी वर्दळ आहे! बसमध्ये बसून मी ते पाहुणे वहीत काढू लागले. त्यातूनच लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक सुचलं. एका पानावर एक पाहुणा.

रविवारी पानं दाखवायला कोऱ्हाळ्याला जायचे. आबा चष्मा लावून बघायचे.

"ह्या घोरपडीला पाय हायती का न्हाय? का नुसती शेपूट वढत निघालीय?"

मी जाम चिडायचे. आणि परतीच्या एसटीत गुपचूप पाय दुरुस्त करायचे.

दोन वर्षांपूर्वी ऊसतोड आमच्या परसापर्यंत आली. टोळीतल्या एका बाईच्या कोयत्यापुढे तीन पिल्लं निघाली.

"बिबट्या! बिबट्याची पिल्लं!"

कोयते जागच्या जागी थांबले. अर्धं गाव मोबाईल घेऊन हजर. मी सुट्टीवर घरीच होते. मीपण लगेच स्टेटस टाकलं, 'आमच्या परसात बिबट्याचे बछडे!!' आता लाज वाटते.

आबा खाली वाकले, नीट बघितलं आणि हसायलाच लागले.

"ठिपका हाय का अंगावर एक तरी? बाऊल हाय ह्ये, रानमांजर. घ्या, काढा आता सेल्फी."

गर्दी पाच मिनिटांत पांगली. रानमांजरात कुणाला इंटरेस्ट असणार!

आबा टोळीच्या मुकादमाला म्हणाले, "एवढ्या चार सऱ्या ठिवा उद्यापतूर. आई हितंच कुठंतरी आसंल. दिवस मावळताना यिऊन न्हेईल."

"आबा, गाडी भरायचीय वो."

"भरंल की. चार सऱ्यांनी काय गाडी आडत न्हाय."

मुकादम कुरकुरला, पण सऱ्या ठेवल्या. आबांनी पिल्लं एका पाटीत घालून उसाच्या कडेला ठेवली. तिकडं कुणी फिरकायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं.

सगळ्यांनी ऐकलं. मी सोडून.

मी त्यातलं एक उचलून घरात आणलं. चित्र काढायला. तासाभरात परत ठेवीन म्हणून.

ते माझ्या मांडीवर झोपलं. मला त्याचे कान जमेनात. तीन कागद फाडले. मान वर करून खिडकीबाहेर बघितलं तेव्हा दिवस मावळून गेला होता आणि पाटी रिकामी होती.

मी धावत जाऊन तिसरं पाटीत ठेवलं. त्यांची आई परत आली नाही. दुसऱ्या दिवशी त्या चार सऱ्याही तुटल्या.

"दोनच नेली तिनं," मी आबांना सांगितलं. आबांनी पाटीकडं बघितलं. मग पेन्सिलीने काळ्या झालेल्या माझ्या बोटांकडं बघितलं. आणि दूध कोमट करायला आत गेले.

चार दिवस ते कापसाच्या बोळ्याने त्याला दूध पाजत बसले. पाचव्या दिवशी सकाळी शेवग्याखाली खड्डा खणताना दिसले. मला हाकसुद्धा मारली नाही.

पुस्तकात मात्र मी तिन्ही पिल्लं आईसोबत घरी पाठवली.

ते पान पुरं व्हायला जवळजवळ वर्ष गेलं. आबांनी बघितलं. "चित्र झ्याक हाय." मग चष्मा काढत, "पर न्हेली दोनच की गं."

"लहान मुलांचं पुस्तक आहे, आबा. त्यांना रडवायचं का?"

"पोरं रडत्यात आन् खेळाया जात्यात. आपुनच आडकून ऱ्हातो."

मी फाईल मिटली. विषय बदलला.

पुढच्याच महिन्यात एका सकाळी बसची वाट बघत होते. फोन वाजला, तो शेजारच्या काकांचा होता.

त्यानंतर पुस्तकाला हात लावला नाही. पुण्यातल्या एका प्रकाशकांकडे पानं आधीच गेली होती. त्यांना आवडली होती, शेवट तर फारच 'गोड' वाटला होता. परवा मेल आला, फायनल फाईल पाठवा.

आज रजा टाकून कोऱ्हाळ्याला आले. सकाळभर परसात बसले. एक मुंगूस आलं, कोरड्या हौदावर चढलं, आत डोकावलं आणि गेलं.

हे सांगायला मी मोबाईल हातात घेतला. मग कळेना, कुणाला लावू.

इतकं एकटं वर्षभरात कधी वाटलं नव्हतं.

हौद भरला. आणि तिथंच बसून शेवटचं पान नव्यानं काढलं. आई दोन पिल्लं घेऊन निघालीय. खिडकीत एक मुलगी बसलीय, तिच्या मांडीवर तिसरं.

खाली एवढंच लिहिलं, 'तिसरं मी उचललं होतं. म्हणून ते मागं राहिलं.'

पान प्रकाशकांना पाठवून दिलंय. घेतील, नाही घेतील.

आबा, तुम्ही एकदा तरी रागवायला हवं होतंत. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून मी सांगितलं नाही, आणि तुम्ही विचारणार नाही हे मला माहीत होतं.

आज सांगितलं. पानावर चुकलेलं दाखवायला आता कोणी नाही.

मान खाली घालून, तुम्हाला नमस्कार.