टपावर एकच सायकल

बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलं आणि त्याच संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की त्याआधी पोफळीला सायकल चालवायला जायचं. आजोबा तिथल्या वीजकेंद्रात होते. बाबा तिथल्या कॉलनीत वाढले आणि सायकलही तिथेच शिकले. ती काळी, जड सायकल अजून रत्नागिरीत आमच्या पोर्चमध्ये उभी असते. ऑपरेशननंतर चालवता येईल का, असं त्यांनी विचारलं तेव्हा डॉक्टर "बघू" म्हणाले. बाबांनी नोकरीत आयुष्यभर लोकांना "बघू" सांगितलेलं. त्याचा अर्थ त्यांना बरोबर माहीत होता.

"तू तुझी घे, मी माझी घेतो," ते मला म्हणाले. "दोघं मिळून एक चक्कर मारू."

प्रश्न फक्त सायकली न्यायच्या कशा, एवढाच होता. आमची गाडी लहान. आत एखादी मावली असती, पण आई म्हणाली, "म्हणजे मी काय सायकलीच्या मांडीवर बसू?" बाबांच्या सायकलीची चाकं काढावीत म्हटलं, तर नट इतके गंजलेले की मेकॅनिकने दोनदा हातोडी मारली आणि सायकल आदराने परत केली.

घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटी, त्यामुळे गाडीवर सायकल न्यायचे नियम वाचायचं काम माझ्याकडे आलं. आधी मी ऑफिसातल्या एका मुलीकडून डिकीला पट्ट्यांनी अडकवायचा कॅरियर आणला. त्याच्यावर सायकल छान बसली. नंबर प्लेट आणि मागचे दिवेही तिच्यामागे छान झाकले गेले. बाबांनी गल्लीत प्लास्टिकची खुर्ची मांडली.

"बस. तू पोलीस. नंबर वाच."

मी खाली मान घालून नंबर सांगितला.

"पाठ आहे म्हणून सांगू नकोस!"

तेवढ्यात पाटी घेऊन मासेवाली मावशी आली. बाबांनी तिला माझ्या शेजारी उभं केलं. "मावशी, नंबर दिसतो का?"

"कसला नंबर? मला सायकल दिसतेय. बांगडे घ्यायचे हायत की नाय?"

बाबांनी बांगडे घेतले आणि कॅरियर उतरवला. मला खुर्चीतून उठायला जरा वेळ लागला, कारण समोरच्या तिन्ही खिडक्यांत माणसं होती.

शेजारचे काका होडीवाले. कुठलीही गोष्ट कशालाही बांधायची झाली की ते आपोआप येतात. ते म्हणाले, "भाऊ, फळीवर नंबर रंगवा नि सायकलीला टांगा. आमी होडीवर नाय लिहीत?"

"ती होडी आहे," बाबा म्हणाले.

"मग गाडी पण होडीसारखी रंगवून ठेवा. पावसात खड्ड्यात उपयोगी पडंल."

रंगवलेली पाटी चालत नाही, हे मी हळूच सांगितलं. मग आम्ही टपावर बसवायचा कॅरियर आणला. त्यात सायकल उभी राहते, चाकं आणि दांडा पट्ट्यांनी आवळता येतो, आणि नंबर, दिवे, सगळं दिसतं. बाबा खूश झाले. पण गाडीच्या पुस्तकात टपावर किती वजन चालतं याची एक ओळ होती आणि ती मी वाचून दाखवली. काकांनी मासे तोलायचा काटा आणून आंब्याच्या फांदीला टांगला. दोन्ही सायकली आणि कॅरियर मिळून वजन जास्त भरलं. बाबांनी आपल्या सायकलीचा स्टँड काढला, चेनकव्हर काढलं, शेवटी घंटीही काढली.

"आता हवा पण काढा," काका म्हणाले.

तरीही जास्तच. बाबा फांदीला टांगलेल्या सायकलीकडे बघत राहिले.

"तुझी न्यायची," ते म्हणाले. "तू चालव. मी गाडीतून बघेन."

घरात मी सहसा वाद घालत नाही. माझं वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. पण त्या दिवशी, "नाही, तुमची," असं तोंडून गेलं, तेही मोठ्याने. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. बहुधा त्या आश्चर्यातच कोणी विरोध केला नाही. बाबांनी स्टँड, चेनकव्हर, घंटी सगळं परत लावलं.

निघायच्या दिवशी सकाळी सावलीत बरं म्हणून पोर्चमध्येच सायकल टपावर चढवली. मग काका नारळ घेऊन पुढे आले. गाऱ्हाणं घातल्याशिवाय ते होडीही सोडत नाहीत.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरं गाडीच्या टपावर दोन सायकली घेऊन..."

"एक," बाबा म्हणाले.

"...एक सायकल घेऊन पोफळीस निघालीत. दोर सुटू देऊ नको..."

"पट्टे."

"...पट्टे सुटू देऊ नको, पोलीस भेटला तर त्याला नंबर नीट दिसू दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मी फक्त ओठ हलवले. नारळ फुटला. मी गाडी सुरू केली, हातभर पुढे घेतली आणि आई ओरडली. सायकलीचं हँडल पोर्चच्या तुळईपेक्षा उंच होतं.

"उतरवा, बाहेर काढून परत चढवू," बाबा म्हणाले.

"गाऱ्हाणं झाल्यावर? नारळ फुटल्यावर?" काकांचा चेहरा पडला. आईचाही पडला. आता सायकल पोफळीशिवाय कुठेही उतरणार नव्हती.

मग काकांनी होडीवाल्यासारखा विचार केला: वजन भरलं की होडी खाली बसते. ते स्वतः पुढे बसले. मागे काकू, त्यांचे दोन जाडजूड भाऊ आणि आई. माझ्या कानाशी कोणाचं तरी कोपर होतं.

"टपावरचं वजन वाढलं नाही," बाबा बाहेरून, स्वतःशीच, म्हणाले. मग तुळईकडे बघत बोटाने खुणा करू लागले. "ये... ये... कोणी हसू नका, गाडी वर येते!"

बोटभर अंतराने आम्ही बाहेर पडलो. मग काकांकडचे सगळे उतरले, बाबा बसले, आणि पोफळीपर्यंत दर तासाला थांबून पट्टे तपासत आम्ही पोचलो. वाटेत एकही पोलीस भेटला नाही. बाबा थोडे नाराज वाटले.

कॉलनीतला रस्ता रिकामा होता. उजवा पाय सीटवरून पलीकडे जाईना, म्हणून बाबा एका मोरीच्या कठड्यावर चढले आणि तिथून सायकलवर बसले. आधी हँडल लटपटलं. मग सरळ झालं. मी पहिल्या गिअरमध्ये मागून चालले होते आणि आई खिडकीतून निम्मी बाहेर होती.

एक चक्कर झाली. दुसरी झाली.

"अहो, बास आता! गुडघा!"

"उतरायला कठडा नको का?" बाबा मागे न बघता ओरडले. "बघतोय!"

कठडे होते. चांगले, रुंद, हव्या तेवढ्या उंचीचे. एक मला दिसला, मग आणखी एक, आणि दोन्हींच्या जवळ येताच बाबांनी मुद्दाम दुसरीकडे मान वळवली.

"दिसला का गं तुला एखादा?" आईने मला विचारलं.

"नाही," मी म्हणाले आणि त्यांच्यामागे तिसऱ्या चकरेला वळले.